नेतृत्व आणि उदात्त चारित्र्य : राजर्षी शाहू महाराजांकडे पाहताना

(नृसिंहवाडी येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



वाडीत पावसाळ्यात कुणाच्याही घरी जा, दोन प्रश्न कानावर येतातच. पहिला, पाणी कुठवर आलं? आणि दुसरा, राधानगरीचे किती दरवाजे उघडले? पहिला प्रश्न समजण्यासारखा आहे. उत्तरेच्या दारातून पाणी आत आलं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं, की आपल्याकडे दक्षिणद्वार सोहळा होतो. लांबून लोक स्नानाला येतात. पण तेच पाणी आणखी चढायला लागलं की सोहळा संपतो आणि काळजी सुरू होते.

दुसरा प्रश्न मात्र बाहेरगावच्या माणसाला कळत नाही. राधानगरी कुठे, वाडी कुठे! पण आपल्याला माहीत आहे. राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब वाढला की ते आपले आपण उघडतात. ते पाणी भोगावतीतून पंचगंगेला येतं, कोल्हापूर ओलांडतं आणि आपल्या या घाटाशी कृष्णेला मिळतं. म्हणजे ज्या माणसाने ते धरण बांधायला घेतलं, त्याच्या कामाचं पाणी रोज आपल्या पायाशी येतं. तो माणूस म्हणजे राजर्षी शाहू छत्रपती.

आज आपला विषय आहे, चांगल्या नेतृत्वाला उदात्त चारित्र्य का लागतं. हा विषय हवेत बोलायचा म्हटलं तर तासभर सुभाषितं सांगता येतील, आणि घरी जाईपर्यंत तुम्ही ती विसराल. म्हणून आम्ही एकच माणूस समोर ठेवणार आहोत, आपल्याच नदीकाठचा.

चारित्र्य म्हणजे नेमकं काय?

चारित्र्य हा शब्द आपण फार अरुंद करून टाकलाय. एखाद्याबद्दल विचारलं तर आपण म्हणतो, "माणूस चांगला आहे हो. व्यसन नाही, भानगड नाही, पैसे खात नाही." झालं! आता बघा, या तिन्ही गोष्टी हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण या तिन्ही गोष्टी तो माणूस काय करत नाही, त्या आहेत. तो करतो काय, हे यात कुठेच आलं नाही.

म्हणून 'उदात्त' हा शब्द महत्त्वाचा. वाडीत हे वेगळं सांगायला नको, वेदपठणात उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे स्वर असतात. उदात्त म्हणजे वरचा स्वर. तो आपोआप लागत नाही, आवाज वर उचलावा लागतो. चारित्र्याचंही तसंच आहे. आपल्या हातात असलेली ताकद आपल्यापेक्षा दुबळ्या माणसासाठी वापरायची, आणि त्यात आपलं काही जात असलं तरी वापरायची, ही ज्याची सवय झाली त्याचं चारित्र्य उदात्त. 'सवय' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. एखाद्या दिवशी, फोटो काढणारे समोर असताना, कुणीही उदार होतो.

मग नेत्याला हे जास्त का लागतं? कारण नेत्याच्या हातात अशा गोष्टी असतात, ज्यांच्यावर कुणाची नजर नसते. 2019 चा महापूर आपण सगळ्यांनी भोगलाय. पाणी ओसरल्यावर पंचनामे झाले, मदतीच्या याद्या झाल्या. तेव्हा आम्ही या पट्ट्यातल्या दोन गावांत काही दिवस होतो. नावं सांगत नाही. एका गावात यादी सुरू झाली ती पुढाऱ्याच्या भावकीपासून. सगळी नावं खरी होती हं, खोटं काही नव्हतं! घरं त्यांचीही पडली होती. पण गावकुसाबाहेरच्या वस्तीचा नंबर शेवटी आला, आणि तोवर वाटपाचं धान्य संपलं होतं. दुसऱ्या गावात एका बाईंनी यादी हातात घेतली, आणि त्या सगळ्यात आधी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या ऊसतोड मजुरांकडे गेल्या. का? तर ज्यांच्या नावावर घर नाही, त्यांचं नाव कुठल्याच यादीत येत नाही. त्यांचं स्वतःचं घर कंबरेएवढ्या पाण्यात होतं, आणि त्यांचं नाव यादीत शेवटून तिसरं होतं.

दोन्ही याद्या हिशेब तपासणाऱ्याने तपासल्या असत्या, तर दोन्ही बरोबर निघाल्या असत्या. फरक हिशेबात नव्हता, क्रमात होता. हा क्रम कोणताही कायदा ठरवून देत नाही. तो त्या माणसाचं चारित्र्य ठरवतं.

पहिली कसोटी : अपमानाचं आपण काय करतो

शाहू महाराजांचा जन्म 26 जून 1874 चा, कागलच्या घाटगे घराण्यातला. 1884 साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि 2 एप्रिल 1894 ला त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. वय विशीचं.

पाच वर्षांनी, 1899 च्या कार्तिकात, कोल्हापुरात पंचगंगेवर एक प्रसंग घडला. महाराज स्नानाला गेलेले. त्यांच्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, हे बरोबरच्या राजारामशास्त्री भागवतांनी लक्षात आणून दिलं. विचारणा झाली तेव्हा उत्तर मिळालं की शूद्रांना वेदोक्ताचा अधिकार नाही. छत्रपतींच्या गादीवरच्या राजाला हे त्याच्याच राज्यात, त्याच्याच सेवेतल्या माणसाने सांगितलं! यातून पुढे वेदोक्त प्रकरण उभं राहिलं आणि ते कित्येक वर्षं चाललं. महाराष्ट्रात दोन तट पडले.

आता विचार करा, आपला असा अपमान झाला तर आपण काय करतो? एक तर गिळतो, नाहीतर बदला घेतो. महाराजांनी स्वतःच्या हक्काचा आग्रह धरला, राजोपाध्यांचं इनाम जप्त केलं, हे खरं. पण ते तिथेच थांबले असते, तर आज आपण त्यांच्याबद्दल बोलत बसलो नसतो. माझ्या वाट्याला हे आलं तर माझ्याखालच्या माणसाच्या वाट्याला रोज काय येत असेल, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या कामात सारखा दिसतो.

1901 साली कोल्हापुरात मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं सुरू झाली. पुढे मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी झालं, आणि 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. शहरात शिकायला आलेल्या खेड्यातल्या पोराला राहायला जागा नाही, जेवायला घर नाही, मग शाळा उघडी असून काय उपयोग? दुखणं नेमकं कुठे आहे, ते त्यांनी ओळखलं.

आणि 26 जुलै 1902. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेलेले. तेव्हा करवीर गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला : संस्थानच्या नोकऱ्यांत यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतल्या लोकांना द्यायच्या. त्यांनी कारभार हाती घेतला तेव्हा संस्थानच्या दरबारी सेवेतल्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 एकाच जातीचे होते. अपमान एका माणसाचा झाला होता, पण धोरण झालं ते हजारो घरांसाठी. आपल्या जखमेतून दुसऱ्याची जखम दिसणं, ही उदात्ततेची पहिली खूण.

दुसरी कसोटी : ज्याच्याकडून काही मिळणार नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो

गंगाराम कांबळे यांची गोष्ट कोल्हापूरकरांना माहीत आहे, तरी सांगतो. गंगाराम महाराजांच्या पागेत चाकरीला होते. सवर्ण चाकरांसाठी राखलेल्या हौदाच्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराजांपर्यंत गाऱ्हाणं गेलं, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली.

इथवर ही न्यायाची गोष्ट आहे. राजाला शिक्षा करणं अवघड नसतं. खरी गोष्ट पुढे आहे. महाराजांनी गंगारामना नोकरीतून मोकळं केलं आणि स्वतःचा धंदा काढायला मदत केली. कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडवर त्यांचं 'सत्यसुधारक' नावाचं चहाचं हॉटेल सुरू झालं. आता हॉटेल निघालं, पण त्या काळात दलिताच्या हातचा चहा प्यायचा कुणी? बाकडी रिकामीच.

महाराजांनी दवंडी पिटली नाही, चहा पिण्याचा हुकूम काढला नाही. फिरायला निघाले की त्या हॉटेलापुढे गाडी थांबवायची आणि हाक मारून चहा मागवायचा. स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या मंडळींनाही द्यायचा. राजा पितोय म्हटल्यावर गाडीतल्या मानकऱ्यांना नाही म्हणता येईना! पुढे त्यांनी गंगारामना सोडावॉटरचं यंत्रही घेऊन दिलं.

कायदा माणसाला दुसऱ्याला मारण्यापासून थांबवू शकतो, पण दुसऱ्याच्या हातचा चहा प्यायला लावू शकत नाही. ते काम नेत्याने स्वतःच्या ओठांनी करावं लागतं. 1919 साली संस्थानातल्या शाळा, दवाखाने, सार्वजनिक इमारती यांत अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम निघाले. हुकूम पुष्कळ राज्यकर्ते काढतात. पण हुकूम काढणारा स्वतः त्या बाकड्यापुढे थांबलेला लोकांनी पाहिलेला असला, की हुकुमाला वजन येतं. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर लिहिताना हेच म्हटलंय, की लोकांना पटवण्याची सगळ्यात मोठी ताकद बोलणाऱ्याच्या चारित्र्यात असते. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, 'करून दाखवणं'.

तिसरी कसोटी : दुसरा मोठा होत असताना

इथून माणगाव फार लांब नाही, हातकणंगले तालुक्यातलं गाव. 21 आणि 22 मार्च 1920 ला तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वय तेव्हा एकोणतिसावं चालू होतं. त्याच वर्षी 31 जानेवारीला त्यांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केलं होतं, आणि त्याला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती.

माणगावात महाराज स्वतः आले, आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा खरा नेता मिळाला आहे.

हे वाक्य म्हणायला सोपं वाटतं. पण बघा, अस्पृश्यांसाठी महाराज तोवर वीस वर्षं झटत होते. वसतिगृहं काढली, नोकऱ्या दिल्या, शाळा खुल्या केल्या. तेव्हा 'यांचा नेता मी' असं म्हणायचा मोह व्हायला काय हरकत होती? लोकांनी ते मान्यही केलं असतं. पण ज्यांचं दुखणं त्यांचाच नेता हवा, हे ओळखून त्यांनी आपली पत एका तरुणाच्या पाठीशी उभी केली. तो तरुण पुढे देशाच्या घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला.

आज आपल्याकडे काय होतं? दूध संस्थेत, सोसायटीत, मंडळात एखादा पोरगा चांगलं काम करायला लागला की पहिली धास्ती कुणाला वाटते? चेअरमनला! पंचवीस वर्षं एकच माणूस खुर्चीत असतो आणि वर म्हणतो, "काय करणार, दुसरं कुणी तयारच नाही." अहो, तयार नाही की तयार होऊ दिलं नाही?

चौथी कसोटी : ज्याचं फळ आपल्याला दिसणार नाही, ते काम

आता पुन्हा राधानगरी. महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायचा निर्णय 1907 च्या सुमाराला घेतला. जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव दिलं, आणि तिथे वसवलेल्या गावाला मुलीच्या, राधाबाईंच्या नावावरून राधानगरी म्हटलं. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच, 1896-97 ला, दुष्काळ पडला होता आणि मागोमाग प्लेग आला होता. त्या वेळी स्वस्त धान्याची दुकानं निघाली, दुष्काळी कामं निघाली, कामावर येणाऱ्या बायांच्या लहान लेकरांना सांभाळण्याची सोयही केली गेली. पण दुष्काळात धान्य वाटणं वेगळं आणि पुढच्या दुष्काळाची तयारी करणं वेगळं.

धरणाचं काम सुरू झालं आणि पैशाअभावी अडलंही. 6 मे 1922 ला महाराज मुंबईत गेले, अठ्ठेचाळिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. धरण तेव्हा अर्धवट होतं. ते पूर्णत्वाला गेलं स्वातंत्र्यानंतर. आज त्यात आठ टीएमसीहून जास्त पाणी साठतं आणि पंचगंगेच्या काठाने ऊस उभा राहतो. शिरोळपर्यंतच्या किती शेतकऱ्यांना माहीत असेल, की हे पाणी ज्याने अडवायला घेतलं त्याने ते भरलेलं पाहिलंच नाही!

शिक्षणाचंही तसंच. 1917 साली त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. शाळेत गेलेला पोर कर्ता व्हायला पंधरा वर्षं लागतात. निवडणुकीच्या पाच वर्षांच्या मापात हे काम बसत नाही.

दोष नव्हते का?

होते की! आम्ही इथे देव उभा करायला आलेलो नाही, देव आपल्याकडे आहेच. महाराजांना शिकारीचा नाद होता. राग आला की चाबूकही उचलत. ब्रिटिशांशी जुळवून घेण्याच्या त्यांच्या धोरणावर तेव्हाही टीका झाली आणि आजही होते. जातवार वसतिगृहांनी जाती घट्ट झाल्या का, असाही प्रश्न विचारला जातो. त्याला एक उत्तर आहे. 1896 साली त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढून पाहिलं होतं, पण तिथे बहुजनांची मुलं टिकली नाहीत, म्हणून त्यांनी वाट बदलली. तरीही प्रश्न विचारण्यासारखा आहेच.

आणि विरोधकांबद्दलही न्यायाने बोलूया. वेदोक्तात लोकमान्य टिळक महाराजांच्या विरुद्ध बाजूला होते. पण याच कोल्हापूरच्या गादीसाठी, चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे असं छापल्याबद्दल, 1882 साली टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहून आले होते. माणूस एका बाबतीत आपल्या विरुद्ध गेला म्हणून तो सगळाच वाईट, असं नसतं. हे ओळखता येणं हाही चारित्र्याचाच भाग.

आणखी एक शंका. कुणी म्हणेल, ते राजे होते, त्यांना शक्य झालं. आम्ही उलट म्हणतो. राजाला कुणी विचारणारं नव्हतं. मतं मागायची नव्हती. काहीच केलं नसतं तरी गादी कुठे जात नव्हती. ज्याला चांगलं वागायची सक्ती नाही, तो चांगला वागला, तर ते चारित्र्याशिवाय दुसरं काय?

एवढं मात्र लक्षात ठेवा, नुसतं चारित्र्यही पुरत नाही. धरणाला दगड, चुना आणि इंजिनिअर लागतात. चांगुलपणा आहे पण काम येत नाही, अशा नेत्याच्या मागे गेलेले लोकही बुडतात. कुवत हवीच. पण कुवत ही नाव आहे आणि ती आधी कुणाच्या दाराला न्यायची, हे चारित्र्य सांगतं.

आपण काय करायचं?

उद्या ग्रामपंचायत असेल, सोसायटी असेल, कारखान्याची निवडणूक असेल. उमेदवार दारात आला की चार गोष्टी आठवा. याचा अपमान झाला तेव्हा हा कसा वागला? ज्याच्याकडे मत नाही, पैसा नाही, त्याच्याशी याचं बोलणं कसं असतं? याने कुणाला मोठं केलं, की नुसतं आपल्याभोवती गोळा केलं? आणि याने असं एक तरी काम केलंय का, ज्यावर याच्या नावाची पाटी लागणार नाही? या चार प्रश्नांची उत्तरं जाहीरनाम्यात मिळत नाहीत, शेजाऱ्याला विचारली की मिळतात.

आणि हेच चार प्रश्न आपण आपल्यालाही विचारायचे. घरात, वर्गात, दुकानात आपण कुणाचे तरी नेते असतोच. पुढच्या पुरात यादी कदाचित तुमच्याच हातात असेल. तेव्हा पहिलं नाव कुणाचं लिहायचं, ते आजच ठरवून ठेवा. पाणी चढायला लागल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही.

इथेच थांबतो.